हॉल नंबर दोनमधला वन्स मोअर

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात नवा मराठी माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत विचारतो, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी म्हणायची, "मी सिनेमा दाखवते." त्यावर हमखास प्रश्न यायचा, "अच्छा, स्ट्रीमिंगमध्ये का?" मग सांगावं लागे, नाही हो, खरंच दाखवते. दोन हॉलचं थिएटर आहे, मागच्या भिंतीत वर काचेची खिडकी असलेली खोली आहे, तिथे प्रोजेक्टर आहे आणि तो मी चालवते. समोरचा जरा थांबायचा आणि माझ्या नवऱ्याकडे वळायचा. नवरा औषध कंपनीत होता, म्हणून आमच्या घराची अब्रू शाबूत राहिली.

या वसंतात मी निवृत्त झाले आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाकडून फर्मान आलं की बावीस वर्षांच्या कामाचा आढावा लिहा. आढावा लिहिण्यासारखं फारसं काही नाही. डिपेंडंट व्हिसावर आले, पुष्कळ वर्षं घरात बसले. कामाची परवानगी मिळाली त्याच आठवड्यात घराजवळच्या थिएटरात पॉपकॉर्नच्या काउंटरवर उभी राहिले. पुढे वरच्या खोलीतला माणूस कंबर धरून बसला तेव्हा जिना चढून वर गेले, ती वरचीच झाले. झाला आढावा. त्यापेक्षा एका रविवारची गोष्ट सांगते. त्या रविवारी मी माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा पाच वेळा केला आणि सहाव्यांदा जाणूनबुजून केला.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं वर रिळं फिरतात. रिळं जाऊन जमाना झाला. आता सिनेमा एका काळ्या पेटीतून येतो, आत हार्ड डिस्क असते, ती सर्व्हरला लावायची. पण नुसती लावून भागत नाही, कारण सिनेमाला कुलूप असतं. त्याची किल्ली वेगळी, ईमेलने येते, आणि तिच्यावर वेळ घातलेली असते: अमुक दिवशी इतक्यापासून तमुक दिवशी तितक्यापर्यंत. वेळ संपली की कुलूप लागतं. काही ठिकाणचे सर्व्हर सुरू झालेला खेळ संपू देतात म्हणे. आमचा म्हातारा होता आणि जुन्या हेडमास्तरांसारखा होता. पाच म्हणजे पाच.

एकदा किल्ली पाठवणाऱ्याने वेळेचा घोळ घातला आणि एका खुनाच्या सिनेमात शेवटची बारा मिनिटं उरलेली असताना पडदा काळा झाला. हॉलमध्ये तीस माणसं, आणि खुनी अजून सापडायचा होता. मी तो सिनेमा दोनदा पाहिलेला. करते काय, खाली उतरले, पडद्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की खून डॉक्टरांनी केलाय. पहिल्या रांगेतल्या आजीबाई म्हणाल्या, "मला नाही पटत. ते किती सभ्य होते." आमच्या मालकाचा नियम होता की खेळ अर्धवट राहिला तर तो झालाच नाही असं धरायचं आणि सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. आजीबाई पुन्हा आल्या, शेवटपर्यंत बसल्या, डॉक्टरांना बेड्या पडताना पाहिल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "अजूनही नाही पटत."

हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे मालक म्हणजे गॅरी. आयुष्यभर दातांचा डॉक्टर, निवृत्तीनंतर थिएटर विकत घेतलं. आधी लोकांचे दात सुधारायचे आणि नंतर त्यांना कॅरॅमल पॉपकॉर्न विकायचं, याची त्याच्या मनाला कायम टोचणी होती. म्हणून काउंटरवर तो दात साफ करायचा दोरा फुकट ठेवायचा. पॉपकॉर्न घेणाऱ्याला म्हणायचा, "एन्जॉय," आणि लगेच, "मागच्या दाढा विसरू नका." गॅरी अर्थात इंग्रजीत बोलायचा, इथे मी त्याला मराठी केलंय. मला तो बावीस वर्षं 'शोबा' म्हणत आला.

गिऱ्हाइकंही मालकाला शोभणारी होती. वॉल्टर नावाचे एक निवृत्त पोस्टमन दर बुधवारी दुपारी हॉल नंबर दोनमध्ये यायचे, सी रांगेत बसायचे आणि जाहिराती संपायच्या आत झोपायचे. एकदा मी विचारलं, घरी का नाही झोपत? ते म्हणाले, घरी इतकी चांगली गोष्ट चालू नसते.

तर हा हॉल नंबर दोन. एकशे वीस खुर्च्या. एकमध्ये मारधाडीचे सिनेमे लागायचे, दोनमध्ये सगळ्या जगातले: इराणी, कोरियन, फ्रेंच, कधीमधी मराठीसुद्धा. एकमध्ये माणसं असायची आणि दोनमध्ये वॉल्टर असायचे. एक दिवस मी वरून पाहिलं तर गॅरी हॉल दोनमध्ये मोजायची टेप घेऊन वाकला होता. खाली जाऊन विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "पिकलबॉल. एक कोर्ट बरोबर बसतं." त्या वर्षी टेनिसचा हा धाकटा भाऊ अख्ख्या कॅरीला चावला होता. मी म्हटलं, "गॅरी, जमिनीला उतार आहे." तो म्हणाला, "चांगलंच आहे. चेंडू आपोआप खाली येईल."

मला फार लागलं ते. घरात नवऱ्याचं ऑफिस होतं, मुलीची खोली होती, आणि जगात माझी म्हणावी अशी एकच जागा होती ती म्हणजे त्या हॉलच्या मागची खिडकी. मी त्याच्याशी भांडले, कधी नव्हे ते आवाज चढवून. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. एक सिनेमा तू निवड, तुझ्या आवडीचा. रविवारी दुपारी दोनच्या खेळाला निम्मा हॉल भरला तर हॉल राहील. नाही भरला तर सोमवारी खुर्च्या काढायला माणसं येतील."

निम्मा म्हणजे साठ. त्या हॉलने साठ माणसं एकदाच पाहिली होती, फायर ड्रिलच्या दिवशी.

मी निवडला एक फ्रेंच सिनेमा. त्याचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, म्हणून आपण त्याला बटणांचा सिनेमा म्हणू. दोन महायुद्धांच्या मधला काळ, नदीकाठचं लहानसं गाव, गावात बटणांचा कारखाना. सगळ्या बायका तिथे कामाला. एक दिवस पॅरिसहून एक देखणा सेल्समन येतो आणि बॅगेतून पँटची चेन काढून दाखवतो. वर ओढली की बंद, खाली ओढली की उघडी. मालक खूश, कारखाना बंद व्हायची वेळ. मग बायका गातात. काम करताना गातात, संप करताना गातात, सेल्समनला रंगाच्या पिंपात ढकलतानाही गातात. ओदील नावाची एक म्हातारी कामगार असते, तिची नजर गेलेली. ती एका पोरीला मांडीशी बसवून शिकवते की बटणाची भोकं डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. तेही गाण्यातच. चौदा गाणी आहेत. शेवटी सेल्समनची चेन भर चर्चमध्ये अडकते, तो शरण येतो, मालकाच्या मुलीशी लग्न करतो आणि पाद्र्यासकट गाव नाचतं. गुलाबजाम पाकातून काढून पुन्हा साखरेत घोळवावा, असा तो शेवट आहे. मला माहीत होतं. तरी ओदीलच्या गाण्याला मी वर एकटी बसून रडले होते.

परीक्षणं आली ती निम्मी अशी, निम्मी तशी. एकाने लिहिलं, दोन तास चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. दुसऱ्याने लिहिलं, बिस्किटाच्या डब्याचं सुंदर झाकण आहे, आत बिस्किटं नाहीत. आणि आमच्या गावच्या साप्ताहिकाने चारपैकी अडीच तारे दिले. खाली परीक्षकाचं नाव होतं मुक्ता, म्हणजे माझी मुलगी.

मुक्ता इथेच जन्मली, इथेच वाढली. दिवसा ती एका कंपनीसाठी यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते आणि उरलेल्या वेळात सिनेमांची परीक्षणं. आमच्यात करार होता की छापून येईपर्यंत ताऱ्यांबद्दल बोलायचं नाही. गुरुवारी सकाळी अंक हातात पडला आणि मी फोन लावला.

"मुक्ता, अडीच?"

"आई, वी हॅव अ रूल."

"तो छापून यायच्या आधीचा. आता छापून आलंय."

"ओके. बट टू अँड अ हाफ इज नॉट बॅड. चारपैकी आहे."

"तू शाळेतून असे मार्क आणलेस तर मी काय म्हणायचे?"

"यू यूज्ड टू से, उरलेले दीड कुठे गेले."

"मग? कुठे गेले?"

"दि एंडिंग. इट्स प्युअर शुगर. आणि आई, ऑनेस्टली, इट्स नॉस्टॅल्जिक फॉर समथिंग दॅट नेव्हर हॅपन्ड. असं कोणी बटणं लावताना गात नाही."

इथे माझं डोकं फिरलं. "माझी आई गायची," मी म्हटलं.

पलीकडून मुक्ता हळूच म्हणाली, "आजी? आजी बटणं लावायची?"

तेव्हा सांगितलं. नागपुरात इतवारीतल्या एका शिंप्याकडून शर्टांचा गठ्ठा घरी यायचा. शिवण त्याची, काजबटण आईचं. काज म्हणजे बटणाचं भोक, त्याच्या कडा धाग्याने बांधायच्या. एका शर्टाला सात काजं, सात बटणं. दुपारभर आई खिडकीशी बसून काजं करायची आणि गुणगुणायची. शेवटी शेवटी तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, तो मी ओवून द्यायची. हे मी कॅरीत कोणालाच सांगितलं नव्हतं. इथे सगळ्यांच्या आया शिक्षिका नाहीतर गायिका होत्या. माझी आई लोकांच्या शर्टांची बटणं लावायची हे सांगायला मला लाज वाटायची, आणि लाज वाटते याची त्याहून जास्त वाटायची.

"तू कधी सांगितलं नाहीस," मुक्ता म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

"आय कान्ट चेंज द स्टार्स, आई."

"बदलू नकोस. रविवारी ये."

"टु चेंज माय माइंड?"

"नाही. साठ डोकी हवीत. एक तुझं."

उरलेल्या एकोणसाठांसाठी मी नाडकर्णी काकांना फोन केला. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मूळचे मुंबईचे, अमेरिकेत चाळीस वर्षं काढली तरी मनाने संगीत नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरली नाही, कारण तिथे तबला आणि पेटी असे. मी म्हटलं, काका, एक फ्रेंच सिनेमा आहे.

"गाणी किती?"

"चौदा."

"चौदा? मग ते नाटकच आहे. सिनेमा कशाला म्हणतेस?"

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला: रविवारी दुपारी दोन वाजता फ्रेंच संगीत नाटक, पडद्यावर. पदे चौदा. रसिकांनी वेळेवर यावे.

रविवार उजाडला. दोन वाजता गॅरी हॉलच्या दाराशी माणसं मोजायचं बटण घेऊन उभा होता. "शोबा," तो म्हणाला, "चौदा." त्यात वॉल्टर होते, बुधवार सोडून खास माझ्यासाठी आलेले, आणि शेवटच्या रांगेत, बरोबर माझ्या खिडकीखाली, वही घेऊन मुक्ता होती. मंडळाचा एक माणूस नव्हता. मी घाबरले नाही. आपल्याकडे दोन म्हणजे घरून निघायची वेळ. पण हे गॅरीला कसं समजवायचं? तोवर मी एकही खेळ उशिरा सुरू केला नव्हता. मी म्हटलं, "प्रोजेक्टर तापतोय."

"तो डिजिटल आहे," गॅरी म्हणाला.

"म्हणूनच वेळ लागतो."

दोन वीसला पार्किंगमध्ये मिनीव्हॅनची रांग लागली. पुढे रेशमी झब्ब्यात नाडकर्णी काका, हातात गुलाबदाणी. नाटक म्हणजे गुलाबपाणी शिंपडायला हवं. त्यांनी दारातच गॅरीवर शिंपडलं. गॅरीने सॅनिटायझर समजून दोन्ही हात पुढे केले, नीट चोळले आणि थँक यू म्हणाला. दोन पंचवीसला त्याच्या हातातलं बटण चौऱ्याहत्तरवर थांबलं.

"भरला," मी म्हटलं.

"खेळ पूर्ण होऊ दे," गॅरी म्हणाला. "अर्धवट खेळ मी धरत नाही."

मी वर पळाले. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा. दोन पंचवीसला सुरू केला तर चार पस्तीसला संपणार. किल्ली पाच वाजेपर्यंतची होती. पंचवीस मिनिटं हाताशी होती, काळजीचं कारण नव्हतं. मी सुरू केला.

पहिलं गाणं कारखान्यातलं. यंत्रांच्या ठेक्यावर तीस बायका पेट्यांमध्ये बटणं ओततात आणि गातात. गाणं संपलं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, मग नाडकर्णी काका उठून उभे राहिले, पडद्याकडे पाठ करून माझ्या खिडकीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वन्स मोअर."

इथे जन्मलेल्या वाचकांसाठी सांगते. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक वन्स मोअर मागतात आणि नट पुन्हा गातो. ती विनंती नसते, तो रसिकाचा हक्क असतो. पण सिनेमात? सिनेमा दाखवणाऱ्याने चालू खेळ मागे न्यायचा नसतो. हा आमचा पहिला धडा, काही झालं तरी पुढेच जायचं. हे सगळं मला पाठ होतं. पण साठ माणसं "वन्स मोअर, वन्स मोअर" म्हणत होती, नागपूरच्या हॉलमध्ये आईबरोबर बसून मीही लहानपणी तसं ओरडले होते, आणि माझा हात माझ्या आधी पोचला. मी सिनेमा मागे नेला.

मागे नेताना अंदाज चुकला. गाण्याच्या आधी मुकादमाला एक बाई थोबाडीत मारते, तिथपर्यंत गेला. मुकादमाने दुसऱ्यांदा थोबाडीत खाल्ली. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मग काय, दार उघडलं ते उघडलंच. संपाच्या गाण्याला वन्स मोअर. नदीवरच्या गाण्याला वन्स मोअर. माझा अंदाजही सुधारत गेला. वॉल्टर पहिल्यांदाच संपूर्ण जागे होते. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, "असं करता येतं? वीस वर्षं येतोय, कोणी सांगितलं नाही." सेल्समन रंगाच्या पिंपात पडला तेव्हा वॉल्टर उभे राहिले आणि म्हणाले, "वन्स मोअर." नाडकर्णी काकांनी मागे वळून बोट हलवलं. "नो नो. ओन्ली सॉंग्ज." वॉल्टर ओशाळून खाली बसले. पण पुढच्या गाण्याला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

चौथ्या वन्स मोअरला गॅरी जिना चढून वर आला. "शोबा, हे काय करते आहेस?"

"पुन्हा मागतायत, पुन्हा देते."

"हे कायदेशीर आहे?"

"आमच्याकडे आहे."

त्याने काचेतून खाली पाहिलं. एकही फोन उजळलेला नव्हता, एकही माणूस बाथरूमला उठलेला नव्हता. मग तो कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या बाजूला बसला. पाचव्या वन्स मोअरला मी पाहिलं, त्याचा पाय ठेका धरत होता.

घड्याळावर माझी नजर होती. पाच गाणी पुन्हा वाजली, मागेपुढे करण्यात काही मिनिटं गेली, आणि ओदीलचं गाणं सुरू झालं तेव्हा मी हिशेब केला. गाणं संपेल तेव्हा पाचला नऊ मिनिटं कमी असतील, आणि राहिलेला सिनेमा बरोबर नऊ मिनिटांचा. काठावर, पण जमत होतं. आता एकही वन्स मोअर द्यायचा नाही. मी हात मागे बांधून बसले.

ओदीलने पोरीचं बोट धरून बटणावर ठेवलं. भोकं चार, डोळे दोन, उरलेली दोन बोटाने बघ, असं काहीसं ते गाणं आहे. संपलं. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. नाडकर्णी काका रुमालाने डोळे पुसत होते, त्यांना उठायचं सुचलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात माझ्या खिडकीखालून एकच आवाज आला. अमेरिकन वळणाचा, जरा कापरा.

"वन्स मोअर."

मुक्ता उभी होती. वही खाली पडली होती आणि ती मान वर करून काचेकडे बघत होती. काळोखात तिला मी दिसत नसणार, पण ती बघत होती.

गॅरीने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "शोबा, नको. नऊ मिनिटं आहेत."

मला माहीत होतं. गाणं पुन्हा दिलं तर शेवट राहणार, शेवट राहिला तर खेळ झालाच नाही असं धरणार, आणि उद्या सकाळी माझ्या हॉलमधल्या खुर्च्या उचलायला माणसं येणार. माझ्या डोळ्यांसमोर तो उतारावरून घरंगळणारा चेंडू आला. पण ज्या मुलीला मी तिची आजी कधी नीट सांगितली नाही, ती मुलगी माझ्याकडे आजी पुन्हा एकदा मागत होती. मी सिनेमा मागे नेला. या वेळी सेकंदाचाही अंदाज चुकला नाही.

ओदील पुन्हा गायली. मग लग्नाची गडबड सुरू झाली. फुलं आली, बँड आला, वरात चर्चपाशी पोचली. चर्चचं मोठं दार आतून उघडायला लागलं, फटीतून पांढरा उजेड आला, आणि पाच वाजले. पडदा काळा झाला.

दोनतीन सेकंद कोणी हललं नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आणि मग हॉल अक्षरशः फुटला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. नाडकर्णी काका ओरडले, "वा, काय शेवट आहे. दार उघडलं आणि बस. पुढचं ज्याचं त्याने समजायचं." काय झालंय हे एकालाही कळलं नव्हतं. खुनाच्या सिनेमासारखं खाली जाऊन पुढचं सांगावं का, असा विचार एक क्षण आला. पण काय सांगणार होते? चेन अडकते म्हणून?

गॅरी स्टुलावरून उठला. त्याने काचेतून खालची गर्दी पाहिली.

"खेळ पूर्ण झाला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे तो धरता येत नाही."

"माहीत आहे, गॅरी."

"सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागेल." तो जिन्यापर्यंत गेला, थांबला आणि दातांच्या डॉक्टरने तोंड उघडा म्हणावं तशा गंभीर आवाजात म्हणाला, "वन्स मोअर."

पुढच्या रविवारची नवी किल्ली मी मागवली. पाठवणाऱ्या बाईंनी विचारलं, काय बिघडलं होतं? मी म्हटलं, तांत्रिक. त्या रविवारी मंडळाची माणसं दीडलाच हजर होती, चांगल्या जागेसाठी, आणि वॉल्टर आपल्या जुन्या पोस्ट ऑफिसातले नऊ जण घेऊन आले. गॅरीने दारात सगळ्यांना आधीच दोरा वाटला. हॉल गच्च भरला आणि या वेळी सिनेमा शेवटपर्यंत चालला. दार उघडलं, चेन अडकली, पाद्री नाचला. शेवटाला वन्स मोअर कोणीच मागितला नाही. बाहेर पडताना नाडकर्णी काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खरं सांगू? मागचा प्रयोग बरा होता." हॉल नंबर दोन मात्र राहिला, आजही आहे. ती मोजायची टेप गॅरीने मला निवृत्तीच्या दिवशी भेट दिली.

त्या दुसऱ्या रविवारी मुक्ता मला गाडीने घरी सोडायला आली. मी विचारलं, "आता तरी पटलं का?"

"दि एंडिंग, आई. आय टोल्ड यू. लास्ट संडेचा फोर होता. आजचा टू अँड अ हाफच."

खरं म्हणजे तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं लोकांना शेवट दाखवून पोट भरलं आणि माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला खेळ तो, ज्याला शेवट नव्हता.

मग सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "आजी काय गायची? काजबटण करताना."

मी गायले. माझा आवाज म्हणजे देवाची करणी आहे, पण गायले. मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत, त्या नुसत्या गुणगुणले, आईही तिथे गुणगुणायचीच. सिग्नल हिरवा होऊन मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे तिने गाडी हलवली.

"किती?" मी विचारलं.

"थ्री."

"उरलेला एक कुठे गेला?"

मुक्ता रस्त्याकडेच बघत होती. "दि एंडिंग, आई," ती म्हणाली. "शेवटची ओळ ऐकूच आली नाही. यू वेअर क्राइंग."